जागेचा प्रश्न

जागेचा प्रश्न आम्हाला नवा नाही. गिरगावातल्या दोन खोल्यांत आठ माणसं, कॉटखाली ट्रंका, ट्रंकांवर पाटांची चळत आणि माळ्यावर तीन पिढ्यांची अडगळ, अशा व्यवस्थेत आमचं बालपण गेलं. 'जागा नाही' हे वाक्य मी आईच्या, बायकोच्या, बसकंडक्टरच्या आणि शाळेच्या हेडमास्तरांच्या तोंडून वेळोवेळी ऐकलेलं आहे. पण तेच वाक्य एखादं खेळणं उच्चारील, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आमच्या वेळी खेळणी गरिबासारखी राहायची. विटीदांडू दाराआड उभा असायचा, भोवरा चड्डीच्या खिशात, आणि लगोरीच्या चिपा तर ज्या गटाराकाठी सापडायच्या तिथेच खेळ संपल्यावर परत जायच्या. मावत नाही म्हणून कुठल्या भोवऱ्याने कधी तक्रार केली नाही.

तक्रार केली ती नातवाच्या व्हिडिओ गेमच्या डब्याने. डबा म्हणायचं नाही, कन्सोल म्हणायचं, अशी मला ताकीद आहे. इंग्रजीत 'कन्सोल' म्हणजे सांत्वन करणं, एवढंच आम्हाला शाळेत शिकवलेलं; हे यंत्र मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी सगळ्या घराला रडायला लावतं. नवा फुटबॉलचा गेम उतरवायला घ्यावा, की पडद्यावर पाटी झळकते: जागा अपुरी आहे, आधी काहीतरी काढा. काय काढा, यावर मग घरात सर्वपक्षीय बैठक. सौ.चं मत, मारामारीचे सगळे खेळ काढावेत. सूनबाईंचं मत, नातवाने अभ्यासाची वेळ वाढवली तर जागा आपोआप होईल. चिरंजीव म्हणतात, मोटारींच्या शर्यतीला हात लावायचा नाही. ती ते रात्री निजानीज झाल्यावर स्वतः खेळतात. नातू कशालाच हात लावू देत नाही.

आता काय ठेवावं नि काय फेकावं, या विषयात मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे साध्या मराठीत रेकॉर्डरूममध्ये, गेली. तिथे जुनी कागदपत्रं काढून टाकण्याला 'निंदणीकरण' म्हणतात. शेतातलं तण काढतात तसं. मनाला येईल ते फेकायचं नसतं. प्रत्येक फायलीला वर्ग असतो. 'अ' वर्ग म्हणजे कायमचा, आभाळ कोसळलं तरी जपायचा. तिथपासून उतरत उतरत 'ड' वर्ग, तो वर्षभरात रद्दीत. आणि इतक्या वर्षांचा माझा अनुभव असा, की जाडजूड गठ्ठे बहुधा 'ड' वर्गाचे निघतात, आणि 'अ' वर्गाचं म्हणजे एखादं जीर्ण, पातळ पान असतं. तेव्हा म्हटलं, या डब्याचंही एकदा रीतसर निंदणीकरण होऊन जाऊ दे. पण निंदायचं तर आधी शेत कळायला हवं. म्हणून या यंत्रांच्या जागेचा इतिहास बघायला बसलो, आणि खरं सांगतो, मुंबईतल्या जागांच्या इतिहासापेक्षा तो फारसा वेगळा नाही.

सुरुवातीला जागा नव्हतीच. १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीने जो कन्सोल आणला, त्याची स्वतःची स्मरणशक्ती १२८ बाइट. एक इंग्रजी अक्षर म्हणजे एक बाइट, असा साधारण हिशेब. घरोघर धडकी भरवणारी 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली' ही तार इंग्रजीत लिहिली तर या स्मरणशक्तीत बरोबर चार वेळा मावते. मधल्या मोकळ्या जागा धरून मी मोजून पाहिलं. खेळ असायचा तो वेगळ्या कार्ट्रिजमध्ये, दोनचार हजार बाइटांचा. कार्ट्रिज खोचलं की खेळ आला, उपटलं की गेला, आणि बटण बंद केलं की तुमचा पराक्रमही गेला. दुपारभर खपून कितीही गुण मिळवा, उद्या पुन्हा शून्यापासून. ॲक्टिव्हिजन नावाच्या कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोड काढली होती: गुण दिसताहेत तोवर टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढा, तो आम्हाला टपालाने पाठवा, ठरलेल्या आकड्याच्या वर असाल तर कापडी बिल्ला पाठवू. म्हणजे पराक्रम साठवायची सोय यंत्रात नव्हती, टपालपेटीत होती.

इतक्या सुटसुटीत संसारातही अडगळ झालीच. फक्त ती यंत्रात न होता गोदामात झाली. १९८२ साली अटारीने 'ई.टी.' या सिनेमावरून एक गेम काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या गृहस्थांना तो करायला मिळाले जेमतेम पाच आठवडे. एवढ्या अवधीत आमच्याकडे साधी टिप्पणी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नसे. खेळ पडला, माल परत आला. १९८३च्या सप्टेंबरात कंपनीने टेक्सासमधल्या एल पासोच्या गोदामातला हा आणि इतर माल ट्रकांत भरला, शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला आणि वरून काँक्रीट ओतलं. जागा मोकळी करण्याचा एवढा कडक उपाय दुसऱ्या कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि गंमत बघा, २०१४च्या एप्रिलमध्ये लोकांनी तोच खड्डा उकरला, आणि त्यातलं एक कार्ट्रिज स्मिथसोनियनसारख्या संग्रहालयात जाऊन बसलं. आमच्या भाषेत 'ड' वर्गात नष्ट केलेली फाइल ३१ वर्षांनी 'अ' वर्गात आली. रद्दीवाल्याच्या काट्यावर गठ्ठा चढण्याआधी मी तो एकदा सोडून बघतो, तो उगीच नाही.

खरी काटकसर पाहायची तर जपानकडे वळायला हवं. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम १९८३ साली निघाला, आणि १९८५ साली त्यावर 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. जगभर गाजलेला हा अख्खा खेळ ४० केबीत बसवलेला आहे. सकाळी मोबाइलवर येणारं 'शुभ प्रभात'चं गुलाबाचं फूल बहुधा याहून जड असतं. त्या खेळातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा: चित्र एकच आहे. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा पुढे फरशी पुसायला, हे शास्त्र फक्त आमच्या आईला येत होतं अशी माझी समजूत होती.

आपल्याकडे १९९०च्या दशकात या फॅमिकॉमच्या नकला मिळू लागल्या. चिरंजीवांच्या आठव्या वाढदिवसाला अशीच एक घरात आली. कार्ट्रिजला आपल्या पोरांनी 'कॅसेट' असं घरगुती नाव दिलेलं. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, बासरीवाल्यासारखी तोंडापाशी धरून फुंकायची आणि परत खोचायची. त्या कॅसेटवर छापलेलं होतं, '९९९९ इन १'. एका कॅसेटीत नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ! मी चष्मा लावून यादी वाचायला बसलो. सुरुवातीचे मोजके खेळ वेगवेगळे. पुढे तेच ते, कधी नाव बदलून, कधी मधल्याच पायरीपासून सुरू होणारे. पंगतीत बटाट्याची भाजी, बटाट्याची भजी आणि बटाट्याचीच कोशिंबीर वाढावी, तसं. पण एक ध्यानात ठेवा: ही नक्कल नुसती यादीत होती. जागा जायची ती एकदाच. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

यथावकाश खेळ मोठे झाले. एका बैठकीत संपेनात. मग कालचा डाव आज पुढे कसा न्यायचा, हा प्रश्न आला. १९८६ साली जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट' आला तेव्हा युक्ती अशी होती, की थांबताना यंत्र तुम्हाला एक मंत्र द्यायचं. तो वहीत लिहून ठेवायचा आणि उद्या पुन्हा घातला की डाव तिथून सुरू. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला आणि मंत्राची लांबी ५२ अक्षरांपर्यंत गेली. एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. आपल्या लिपीत ध आणि घ, भ आणि म यांनी किती पोरांचे मार्क खाल्ले ते आठवा. जपानी लिपीतही अशी जुळी भावंडं आहेत. म्हणजे यंत्र सरळ सांगत होतं, माझ्याकडे जागा नाही, तुमची वही काढा.

त्याच १९८६ साली निन्टेन्डोने फॅमिकॉमला फ्लॉपीसारखी चकती जोडली. ही भानगड मला सगळ्यात आवडली. चकतीवरच्या खेळाचा कंटाळा आला की ती घेऊन दुकानात जायचं. तिथे एक यंत्र ठेवलेलं असे. ५०० येन मोजले की ते जुना खेळ पुसून त्याच चकतीवर नवा लिहून देई. अगदी शाळेतली पाटी! फक्त पुसायला बोळक्यातलं पाणी नाही, ५०० येन. दुकानांतली यंत्रं पुढे उठली, तरी टपालाने चकती मागवून ती पुन्हा लिहून द्यायचं काम कंपनीने २००३ सालापर्यंत चालू ठेवलं होतं. जुनं पुसताना त्या पोरांच्या पोटात काय होत असेल ते होवो, पण घरात अडगळ नावाला नाही.

'द लेजंड ऑफ झेल्डा' जपानात याच चकतीवर आला. १९८७ साली तो अमेरिकेत गेला तेव्हा त्याला सोनेरी कार्ट्रिज दिलं आणि आत नाण्याएवढी बॅटरी बसवली. यंत्र बंद झालं तरी ही बॅटरी जागी राहायची आणि तुमचा डाव सांभाळायची. तीन डावांची सोय. मात्र बंद करताना 'रीसेट'चं बटण दाबून धरायचं आणि मग वीज घालवायची, नाहीतर डाव पुसला जायचा धोका. एका हाताने कानाची पाळी धरून दुसऱ्या हाताने आचमन करावं, असला हा विधी. आणि बॅटरी ती बॅटरी. ती संपली की वर्षानुवर्षं जपलेला डाव रातोरात नाहीसा. देवघरातला नंदादीप विझू नये म्हणून आजी रात्री उठून तेल घालायची. इथे तेल घालायला जावं तर कार्ट्रिज फोडावं लागे.

यानंतर आला तो आपल्या मध्यमवर्गाचा सुवर्णकाळ. १९९४च्या डिसेंबरात जपानात सोनीचा प्लेस्टेशन निघाला. खेळ सीडीवर, आणि डाव साठवायला वेगळं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं मेमरी कार्ड. त्यात जागा १२८ केबी, आणि ती मोजायची कशात? तर ब्लॉकमध्ये! वाचून माझे डोळे पाणावले. 'डोंबिवलीला ब्लॉक घेतला' या वाक्यावर ज्यांची हयात गेली, त्यांनाच यातली गोडी कळेल. एका कार्डात १६ ब्लॉक. त्यातला एक भाडेकरूंची यादी ठेवायला, म्हणजे सोसायटीच्या ऑफिसला, गेला. उरले पंधरा. कुणी एकट्या ब्रह्मचाऱ्यासारखा एका ब्लॉकात भागवायचा, कुणाला सहकुटुंब तीन-चार लागायचे. सोळावा खेळ आला की कुणाला तरी नोटीस. आणि इथे नोटीस म्हणजे समूळ उच्चाटन, कारण कार्डात खेळ नव्हताच. खेळ सीडीवर सुखरूप. कार्डात होता तो तुमचा डाव, तुमची मेहनत, तुमच्या रात्री. पुसायची ती नेमकी तीच.

या सोसायट्यांत एक भाडेकरू तर अजरामर आहे. २००१ साली आलेल्या गेमक्यूब या निन्टेन्डोच्या कन्सोलच्या छोट्या कार्डात ५९ ब्लॉक होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत 'ॲनिमल क्रॉसिंग' नावाचा खेळ आला. एक टुमदार गाव, झाडंझुडपं, गोड बोलणारे प्राणी. या गोड मंडळींना ब्लॉक किती लागले? ५७. लाज वाटून कंपनीने प्रत्येक खेळासोबत एक कार्ड दिलं. वऱ्हाड आपला मांडव बरोबर घेऊन आलं म्हणायचं.

आणखी एक सांगण्यासारखं. २००० सालच्या प्लेस्टेशन २च्या कार्डात जागा झाली ८ एमबी, आणि प्रत्येक डावाला एक हलतं चित्र आलं. कार्ड उघडलं की ही चित्रं स्वतःभोवती फिरत उभी असायची. त्यातल्या काहींना आणखी एक रूप दिलेलं होतं: पुसून टाकायला गेलात की चित्र बदले. म्हणजे ज्याला काढायचं, तो बघतोय तुमच्याकडे. अभिलेख कक्षातल्या फायलींना ही सोय असती, तर माझ्या हातून एकही कागद फाटला नसता.

मग हार्ड डिस्क आली आणि माणसं बिघडली. २००१च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स आणला, पोटात ८ जीबीची डिस्क घेऊन. त्यात मोकळी जागा किती आहे असं विचारलं, तर यंत्र उत्तर द्यायचं, ५०,००० ब्लॉकांहून जास्त. पुढे मोजायचीसुद्धा तसदी घ्यायचं नाही. गावाकडचा मोठा वाडा असावा तसं झालं. वाड्यात कुणी काही फेकत नाही. २००६च्या वी या कन्सोलमध्ये निन्टेन्डोने मात्र ५१२ एमबीच दिले, आणि लोक खेळ एसडी कार्डावर नेऊन ठेवू लागले. खेळायचा झाला की परत आत आणायचा. गाद्या दिवसा बाहेरच्या खोलीत, रात्री आतल्या खोलीत. २००९च्या मार्चमध्ये कार्डावरूनच खेळायची सोय झाली, तेव्हा ही ने-आण थांबली.

२०१३ साली प्लेस्टेशन ४ आला, ५०० जीबीचा, आणि नियम बदलला. चकती विकत घेतली तरी सगळा खेळ आधी यंत्रात उतरवून ठेवायचा. चकती राहिली नुसती ओळखपत्रापुरती. तिथून 'जागा अपुरी आहे' या पाटीचा जन्म. २०२०च्या सुमाराला 'कॉल ऑफ ड्यूटी'चा एक खेळ आपल्या वाढत्या परिवारासह २०० जीबीच्या वर गेला. पाचशेच्या घरात दोनशेचा एकच पाहुणा! मारिओ मोजायला गेलात, तर एवढ्यात पन्नास लाख मावतील.

इतकं लागतं कशाला? चित्रं मोठी, आवाज अनेक भाषांतले, हे झालंच. पण एक कारण ऐकून मी थक्क झालो. प्लेस्टेशन ५चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मधल्या एका भाषणात ते सांगितलं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक दांडा इकडून तिकडे जाऊन हवी ती वस्तू आणतो. २०१८च्या 'स्पायडरमॅन'मध्ये नायक इमारतींवरून झोके घेत सुसाट जातो, आणि दांडा काही तेवढा सुसाट नाही. म्हणून रस्त्यावर वारंवार दिसणाऱ्या वस्तू डिस्कवर जागोजागी पुन्हा पुन्हा लिहून ठेवायच्या. काही तर ४०० वेळा. स्वयंपाकघरापर्यंत जायला नको म्हणून घरात चारशे ठिकाणी मिठाच्या बरण्या मांडाव्यात, तसं. आठवली ती '९९९९ इन १'? तिथे नक्कल यादीत होती, जागा एकाची जायची. इथे यादीत खेळ एक, आणि नक्कल पोटात. २०२५च्या डिसेंबरात 'हेलडायव्हर्स २'च्या कर्त्यांनी पीसीवरच्या आपल्या खेळातल्या अशा बरण्या उचलल्या, तर १५४ जीबीचा खेळ २३ जीबीवर आला. ती पीसीची गोष्ट, पण दुखणं हेच. ढगाचं झुडूप करणाऱ्या माणसाला हे दाखवायला हवं.

प्लेस्टेशन ५मध्ये दांडाच काढून टाकला. आत एसएसडी आली, सगळ्या वस्तू हाताशी, बरण्यांची गरज उरली नाही. पण ही जागा महाग. २०२०च्या नोव्हेंबरात यंत्र आलं तेव्हा खोक्यावर ८२५ जीबी, आणि वापरायला मिळाले सुमारे ६६७. हे इतरांना कोडं वाटेल, मला नाही वाटलं. खोक्यावरचा आकडा म्हणजे सुपर बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली सगळं त्यात. ६६७ हा कार्पेट एरिया. २०२१च्या सप्टेंबरापासून आणखी एक एसएसडी आत बसवायची परवानगी मिळाली, म्हणजे गॅलरी बंद करून खोली काढायची.

इतका अभ्यास झाल्यावर मी निंदणीला बसलो. नातू शेजारी, हातात रिमोट, माझ्या हातात वही. 'ड' वर्ग सापडायला वेळ लागला नाही. ही यंत्रं तुम्हाला एखादं पदक मिळालं की त्या क्षणाचा व्हिडिओ न विचारता काढून ठेवतात. नातवाने कधीकाळी कुणाला तरी हरवलं, त्याची शेकडो छायाचित्रं आणि चित्रफिती निघाल्या. एकही त्याने पुन्हा पाहिलेली नव्हती. लग्नाच्या अल्बमची आठवण झाली. त्या सगळ्या काढल्या आणि पुढे आपोआप काढू नकोस, असं यंत्राला बजावलं. नंतर मोठ्या खेळांचे भाग. 'कॉल ऑफ ड्यूटी'सारख्या खेळात एकट्याने खेळायची कथा वेगळी काढता येते. कथा संपलेली असेल तर तिला निरोप. मग कधीच न उघडलेले खेळ. विकत घेतलेला खेळ काढला तरी पुन्हा उतरवता येतो, नवे पैसे पडत नाहीत, इंटरनेट तेवढं धडधाकट हवं. म्हणजे शंभर-शंभर जीबीचे हे गठ्ठे सगळे 'क' नि 'ड'.

'आणि माझे सेव्ह?' नातवाचा चेहरा उतरला होता. इतके दिवस तो कशालाच हात का लावू देत नव्हता, ते तेव्हा उलगडलं. खेळ काढला की आपण गाठलेली मजल जाईल, अशी त्याची समजूत. पण प्लेस्टेशन ५मध्ये काय, स्विचमध्ये काय, डाव वेगळ्या कप्प्यात असतो. खेळ गेला तरी तो जागेवर. स्विचमध्ये तर खेळ काढून त्याचं चित्र तेवढं पडद्यावर ठेवता येतं, दारावरच्या पाटीसारखं: माणूस गावाला गेलाय, बिऱ्हाड मोडलेलं नाही. फक्त डाव पुसायचा म्हणून जो वेगळा कप्पा आहे, तिथे हात घालायचा नाही. शंभर जीबीच्या खेळातला त्याचा डाव पाहिला, तर काही एमबीसुद्धा नव्हता. मी वहीत लिहिलं: 'अ'.

डब्याच्या आतली जागा झाल्यावर सूनबाईंनी डब्याच्या बाहेरची जागा काढली. माळ्यावरचा जुना कन्सोल, चिरंजीवांच्या कॉलेजातला, भंगारात द्यावा म्हणाल्या. चिरंजीवांनी तो खाली काढला, पुसला, आणि देण्यापूर्वी एकदा लावून बघू म्हणाले. कार्ड ८ एमबीचं. त्यावरची चित्रं अजून फिरत होती. त्यात एक क्रिकेटचा डाव निघाला. २००७ साली माझे वडील, अण्णा, या नातवाबरोबर संध्याकाळी खेळायला बसत. वय एक्याऐंशी. वन-डेला ते क्रिकेट मानत नसत, त्यामुळे खेळायची ती पाच दिवसांची टेस्टच, आणि तीही पुरी. दिव्याची वेळ झाली की 'स्टम्प्स' म्हणायचे आणि डाव ठेवून द्यायचा. ऑफस्टम्पबाहेरचा चेंडू सोडायचं बटण त्यांना फार आवडे. चिरंजीवांनी डाव उघडला. तिसरा दिवस, अण्णा नाबाद ४३, दीडशेवर चेंडू खेळून. त्या आठवड्यात ते आजारी पडले, पुढे हॉस्पिटल, आणि मग ते खेळायला काही बसले नाहीत.

खोलीत जरा वेळ कुणी बोललं नाही. मग नातवाने विचारलं, 'बाबा, मी पुढे खेळू? पणजोबांचे पन्नास करतो.'

चिरंजीव म्हणाले, 'नको. तू आउट होशील.'

भंगारवाला आला तसा परत गेला. कन्सोल माळ्यावर, आणि कार्ड आता माझ्या कपाटात, घराच्या कागदांबरोबर.

इकडे कंपन्यांनी जागेच्या प्रश्नावर नवाच तोडगा काढलाय. जून २०२५मध्ये स्विच २ आला, आत २५६ जीबी. त्याच्या काही खेळांची कार्डं 'गेम-की कार्ड' म्हणून येतात. झकास डबी, वर चित्र, आत कार्ड. पण कार्डात खेळ नाही, नुसती किल्ली. खेळ इंटरनेटवरून आपल्याच यंत्रात उतरवायचा, जागा आपली, आणि खेळताना किल्ली मात्र खोचलेली हवी. १९७७ साली सगळा खेळ कार्ट्रिजमध्ये आणि यंत्र रिकामं होतं. आता कार्ड रिकामं, आणि यंत्राचा श्वास कोंडतोय. नातवाचा एक मित्र परवा असं कार्ड घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, 'अरे, म्हणजे बिल्डरने नुसती किल्ली दिली, आणि ब्लॉक बांधायचा तो आपल्याच घरात?'

'हो आजोबा,' तो म्हणाला, 'पण खेळून झालं की किल्ली दुसऱ्याला विकता येते.'

गिरगावात याला आम्ही पागडी म्हणत असू.